एकोणिसाव्या वर्षी हाती आलेला ध्वज

इटलीच्या उत्तर टोकाला, डोलोमाइट पर्वताच्या उभ्या कड्यांखाली गार्देना नावाचे खोरे आहे. तेथील मुख्य गाव सुमारे १,२०० मीटर उंचीवर वसलेले असून त्याला तीन नावे आहेत. इटालियन लोक त्याला ऑर्तिसेई म्हणतात, जर्मन भाषक सांक्ट उलरिख म्हणतात आणि गावकरी आपल्या लादिन भाषेत उर्तिजेई म्हणतात. लादिन ही लॅटिनपासून निघालेली आणि आता आसपासच्या काही खोऱ्यांतच टिकून राहिलेली भाषा. ती बोलणारी माणसे सुमारे ३० हजार. खोऱ्यातील मुले शाळेत इटालियन आणि जर्मन अशा दोन्ही भाषांतून शिकतात आणि घरची लादिन वेगळी शिकतात. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. १९१९ च्या तहाने तो इटलीकडे आला.

व्यापारी घराण्यांना या खोऱ्याची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. लांब हिवाळ्यात शेती बंद पडे, तेव्हा येथील घरोघर लाकूड कोरण्याचे काम चाले. सतराव्या शतकापासून चालत आलेल्या या कारागिरीत लाकडी बाहुल्या, खेळणी आणि संतांच्या मूर्ती तयार होत. सुरुवातीला तो माल पाठीवर वाहून डोंगरघाट ओलांडत विकायला नेला जाई. पुढे येथील कुटुंबांनी इटली, स्पेन, पोर्तुगाल येथील दूरदूरच्या शहरांत दुकाने मांडली. खोऱ्यातील तरुणाने परमुलखात जाऊन बस्तान बसवणे हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे होते.

याच गावात कारोलिना कोस्टनर वाढली. तिचा जन्म ८ फेब्रुवारी १९८७ रोजी जवळच्या बोल्झानो शहरात झाला. वडील एर्विन कोस्टनर आइस हॉकीचे खेळाडू. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये ते इटलीच्या संघातून खेळले होते. आई तरुणपणी फिगर स्केटिंग करीत असे. नात्यातील बहीण इझोल्डे कोस्टनर ही बर्फाच्या उतारावरून स्की करणारी नामांकित खेळाडू, जिने १९९४ आणि २००२ च्या ऑलिंपिकमध्ये पदके मिळवली. अशा घरात चौथ्या वर्षी मुलीच्या पायांत स्केट्स आले, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. सराफाच्या मुलाला कसाची भाषा जशी न शिकवता समजू लागते, तसे बर्फाचे बारकावे या मुलीच्या कानावर जन्मापासून पडत होते.

आपल्याकडे हा खेळ दूरचित्रवाणीवरच दिसतो. त्यामुळे त्यातील सौंदर्य डोळ्यांत भरते आणि त्यातील कठीणपणा निसटून जातो. स्केटचे पाते सुमारे चार मिलिमीटर जाड असते आणि त्याच्या तळाशी लांबीभर एक उथळ खोबण असते. या खोबणीमुळे पात्याला दोन कडा मिळतात, एक आतली आणि एक बाहेरची. खेळाडू सपाट पात्यावर क्वचितच असतो. तो सतत कोणत्या ना कोणत्या कडेवर झुकलेला असतो आणि तो झुकाव कुठे बदलला, हे परीक्षक पाहत असतात. पात्याच्या पुढच्या टोकाला दाते असतात. काही उड्या हे दाते बर्फात रोवून घेतल्या जातात, काही केवळ कडेच्या जोरावर. हवेत तीन पूर्ण गिरक्या घ्यायच्या तर हाताशी पाऊण सेकंदही नसतो. उतरताना एका पायावर, मागे घसरत, बाहेरच्या कडेवर उतरायचे असते आणि त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कैकपट भार एका घोट्यावर येतो. चेहऱ्यावर मात्र त्यातले काही दिसू द्यायचे नाही.

याहून कठीण असते ती जोडउडी. पहिल्या उडीतून उतरलेल्या त्याच पायावरून, मध्ये एकही पाऊल न टाकता, दुसरी उडी घ्यावी लागते. पहिली उडी किंचित तिरकी उतरली, वेग थोडा कमी झाला, की दुसरीचा पायाच ढळतो. तिहेरी उडीला तिहेरी उडी जोडणाऱ्या स्त्री खेळाडू कारोलिनाच्या किशोरवयात जगभर मोजक्याच होत्या. ती फ्लिप नावाच्या तिहेरी उडीला टो लूप नावाची तिहेरी उडी जोडत असे. वर तिचा वेग विलक्षण होता. साठ मीटर लांबीचे मैदान ती मोजक्या ढकलांत ओलांडी. वेग असला की उडी मोठी होते आणि चूक झाली तर पडणेही तितकेच मोठे होते.

२००१ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ती गाव सोडून आल्प्सच्या पलीकडे जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे गेली. बव्हेरियातील हे डोंगराळ गाव फिगर स्केटिंगचे जुने केंद्र आहे. १९६९ पासून तेथे दरवर्षी नेबेलहॉर्न चषकाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. तेथे मिखाएल हूट नावाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली तिचा सराव सुरू झाला. भाषेची अडचण नव्हती, कारण जर्मन तिला गावातच मिळाली होती. तरीही हा निर्णय लहान नव्हता. चौदाव्या वर्षीच्या मुलीला देशाबाहेर ठेवणे म्हणजे घरातील जेवणाचे पान, सणवार, भावंडांची भांडणे हे सारे एकाच वेळी सोडायला लावणे. मुलाला परगावी दुकानावर पाठवणाऱ्या आपल्या घरांना हे ठाऊक आहे. फरक एवढाच की दुकान चालले नाही तर मुलगा परत येऊन दुसऱ्या धंद्याला लागू शकतो. खेळाडूच्या बाबतीत मात्र चौदा ते वीस ही वर्षे एकदाच मिळतात आणि ती वाया गेली की नाही, हे पुष्कळ उशिरा समजते.

पहिली दोन वर्षे तरी ती वाया जात नव्हती, हे लवकर दिसले. २००२-०३ च्या हंगामात ती इटलीची राष्ट्रीय विजेती झाली. जानेवारी २००३ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत ती प्रथमच उतरली आणि थेट चौथी आली. तेव्हा तिला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्याच हंगामात चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्राव्हा येथे जागतिक कनिष्ठ स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळाले. तिच्या पुढे युकिना ओता आणि मिकी आंदो या दोन जपानी मुली होत्या. लगेच मार्चमध्ये वॉशिंग्टनला वरिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ती दहावी आली. पुढच्या वर्षी डॉर्टमुंड येथे पाचवी.

मार्च २००५ मध्ये मॉस्कोत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा कारोलिना अठरा वर्षांची होती. गुण देण्याची पद्धत नुकतीच बदलली होती. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये परीक्षकांच्या संगनमताचा गाजावाजा झाल्यावर सहापैकी गुण देण्याची जुनी रीत मोडीत निघाली. तिच्या जागी प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरावीक मूल्य आणि ती कशी केली यावर वाढ-घट, असा हिशेब आला. जागतिक स्पर्धेत हा हिशेब प्रथम लागू झाला तो मॉस्कोतच. जुन्या रीतीत नावलौकिकाचे वजन पडे, असा आक्षेप होता. नव्या रीतीत निदान कागदावर तरी रोखीचा व्यवहार होता. कारोलिनाच्या अवघड उड्यांना त्यात भाव होता. ती तिसरी आली. रशियाची इरिना स्लुत्स्काया पहिली, अमेरिकेची साशा कोहेन दुसरी. चौथ्या स्थानी राहिली ती पाच वेळची जगज्जेती मिशेल क्वान, तीही अर्ध्या गुणाहून कमी फरकाने. इटलीच्या स्त्री खेळाडूला जागतिक स्पर्धेच्या एकेरीत पदक मिळाले ते १९७८ नंतर प्रथमच. त्या वर्षी सुझाना द्रियानोने कांस्यपदक जिंकले होते.

त्याच स्पर्धेत जपानची शिझुका अराकावा नववी आली होती. आदल्या वर्षीची जगज्जेती असूनही नववी. तिचे नाव पुढे पुन्हा येईल.

मॉस्कोच्या पदकानंतर इटलीत काय झाले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. अकरा महिन्यांवर हिवाळी ऑलिंपिक आले होते आणि ते इटलीतच, तुरीन शहरात होणार होते. यजमान देशाला एक चेहरा हवा असतो. अठरा वर्षांची, चार भाषा बोलणारी, खेळाडूंच्या घराण्यातली, नुकतेच जागतिक पदक मिळवलेली मुलगी याहून अधिक योग्य चेहरा कोणता? जानेवारी २००६ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे युरोपीय स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळाले आणि अपेक्षेत भरच पडली. मग इटलीच्या ऑलिंपिक समितीने ध्वजवाहक म्हणून तिची निवड केली. चार वर्षांपूर्वी सॉल्ट लेक सिटीमध्ये हाच मान इझोल्डे कोस्टनरला मिळाला होता. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये एकाच खोऱ्यातील, एकाच आडनावाच्या दोन मुलींनी देशाचा ध्वज वाहिला. ज्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी इटलीचे राज्यही नव्हते, त्या खोऱ्याला हा मान मिळावा, याला क्रीडेपलीकडचा अर्थ होता आणि तो निवडणाऱ्यांच्या ध्यानात आला नसेल असे नाही.

१० फेब्रुवारी २००६ च्या रात्री उद्‌घाटन झाले. यजमान देशाचा संघ संचलनात सर्वांत शेवटी येतो. तोपर्यंत स्टेडियम तापलेले असते. त्या संघाच्या अग्रभागी ध्वज घेऊन कारोलिना चालली. दोनच दिवसांपूर्वी तिने एकोणीस वर्षे पूर्ण केली होती.

हा मान देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण स्पर्धा व्हायची असताना तो दिला गेला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. बाजारात माल उतरण्याआधीच त्याचा भाव पुकारला जावा, तसे हे झाले. भाव पुकारणाऱ्याचे काही जात नाही. पुरवठा मात्र ज्याला करायचा असतो, त्याच्या उशाशी ती रक्कम रोज रात्री बसून राहते. मान घेणाऱ्याला तो नाकारता येत नाही, एकोणिसाव्या वर्षी तर नाहीच. आणि उद्‌घाटनापासून तिच्या स्पर्धेपर्यंत अकरा दिवसांचे अंतर होते.

या अकरा दिवसांत घरच्या मैदानाचे ओझे दुसऱ्याही इटालियन खेळाडूंवर किती होते, हे उघड झाले. २००१ ची जगज्जेती जोडी बार्बरा फुझार-पोली आणि मौरित्सिओ मार्गालिओ केवळ तुरीनसाठी निवृत्तीतून परतली होती. आइस डान्सच्या पहिल्या फेरीअखेर ती आघाडीवर होती. १९ फेब्रुवारीला दुसऱ्या फेरीत नृत्य संपता संपता ती दोघे पडली आणि संगीत थांबल्यावर बार्बरा आपल्या जोडीदाराकडे क्षणभर नव्हे, बराच वेळ रोखून पाहत राहिली. ते दृश्य जगभर गाजले. तिशीतील, जगज्जेतेपद पाहिलेली माणसे होती ती. अखेर त्यांना सहावे स्थान मिळाले.

दोन दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, कारोलिनाची पाळी आली. स्थळ होते पालावेला हे सभागृह. इटलीच्या एकीकरणाच्या शताब्दीनिमित्त १९६१ मध्ये भरलेल्या प्रदर्शनासाठी ही इमारत उभारली गेली होती. फिगर स्केटिंगमध्ये एकेरीची स्पर्धा दोन भागांत होते. पहिला भाग छोटा, तीन मिनिटांहून कमी वेळाचा. त्यात कोणते घटक करायचे हे नियमाने ठरलेले असते, त्यामुळे एक घटक फसला तर तो पुढे भरून काढायला जागा नसते. आरंभीच्याच जोडउडीत कारोलिना पडली. जी जोडउडी तिची ओळख होती, तीच. पडल्यावर उठून, संगीताशी गाठ पुन्हा जमवून, उरलेले दोन मिनिटांहून अधिक काळाचे काम तिला पुरे करायचे होते आणि ते तिने केले. त्या फेरीअखेर ती अकरावी होती. २३ तारखेच्या मुख्य फेरीनंतर नववी.

सुवर्णपदक मिळाले शिझुका अराकावाला. अकरा महिन्यांपूर्वी मॉस्कोत अराकावा नववी आणि कारोलिना तिसरी होती. तुरीनमध्ये अराकावा पहिली आणि कारोलिना नववी. अराकावा तेव्हा चोवीस वर्षांची होती. जगज्जेतेपद मिळवून, ते हातचे गेलेले पाहून, मग ती येथे पोहोचली होती. कोहेन आणि स्लुत्स्काया दोघीही मुख्य फेरीत पडल्या आणि तरीही अनुक्रमे रौप्य आणि कांस्य घेऊन गेल्या. कारोलिनाचे पडणे अधिक बोलले गेले, कारण ध्वज तिच्या हाती होता. ती ऑलिंपिकमध्ये प्रथमच खेळत होती आणि जगात नववी आली होती, हे वाक्य एरवी कौतुकाचे झाले असते.

मार्चमध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे जागतिक स्पर्धा झाली. तेथे ती बारावी आली. वर्षभरात तिसऱ्या स्थानावरून बाराव्या स्थानावर. त्यानंतर पायाची दुखापत झाली आणि शरद ऋतूतील मोठ्या स्पर्धा हुकल्या. एखाद्या पेढीच्या खतावणीत असे वर्ष आले तर घरातील वडीलधारी मंडळी काय बोलतील, हे सांगायला नको. कोणी जागा बदलायला सांगेल, कोणी भागीदार बदलायला, कोणी धंदाच गुंडाळायला. कारोलिनाने यांतले काहीच केले नाही. ती ओबर्स्टडॉर्फलाच राहिली, हूट यांच्याकडेच राहिली आणि पाय बरा होण्याची वाट पाहिली.

जानेवारी २००७ मध्ये वॉर्सा येथे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्या हंगामात ती फारशी स्पर्धेत उतरलेलीच नव्हती. सात वेळची विजेती स्लुत्स्काया आता खेळत नव्हती, त्यामुळे मैदान मोकळे होते हे खरे. पण मोकळे मैदान इतरांनाही तितकेच मोकळे होते. स्वित्झर्लंडची सारा मायर दुसरी आणि फिनलंडची कीरा कोर्पी तिसरी आली. कारोलिना पहिली. इटलीच्या स्त्री खेळाडूने एकेरीचे युरोपीय अजिंक्यपद जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. तुरीनमध्ये जे तिच्याकडून मागितले गेले होते, ते अकरा महिने उशिरा आणि दुसऱ्याच देशात मिळाले. पुढच्या वर्षी झाग्रेबमध्ये तिने ते पद राखले आणि गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत जपानच्या माओ आसादापाठोपाठ रौप्यपदक मिळवले.

वाट तेथून सरळ झाली, असे म्हणता येत नाही. २००९ मध्ये ती प्रशिक्षक बदलून कॅलिफोर्नियाला गेली. फेब्रुवारी २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये मुख्य फेरीत ती पुन्हा पुन्हा पडली आणि सोळावी आली, तुरीनपेक्षाही खाली. मग ती ओबर्स्टडॉर्फला, हूट यांच्याकडे परतली. २०१२ मध्ये फ्रान्समधील नीस येथे ती जगज्जेती झाली. हेही इटलीच्या स्त्री खेळाडूला एकेरीत प्रथमच साधले. तेव्हा तिला पंचवीस वर्षे झाली होती. या खेळात ते वय उताराचे मानले जाते.

ऑलिंपिक पदक त्याच्याही नंतर आले. फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियातील सोची येथे तिने मुख्य फेरीसाठी रावेलचे बोलेरो हे संगीत घेतले होते आणि तिला कांस्यपदक मिळाले. तिचे ते तिसरे ऑलिंपिक, वय सत्तावीस. त्याच चौथऱ्यावर सर्वांत वर उभी होती रशियाची अदेलिना सोत्निकोवा. ती सतरा वर्षांची होती आणि स्पर्धा तिच्या मायदेशात होती.